योग शिकवणाऱ्याला शरीररचना किती यावी? (गावातला पहाटेचा वर्ग, वेचणीचे दिवस)

गावयोग_यवतमाळ

जाणकारांना विचारायचं आहे. यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, शाळेचा व्हरांडा, पहाटे साडेपाच ते साडेसहा बायकांचा योगवर्ग. वीस-पंचवीस जणी, वय २२ पासून ६५ पर्यंत. बहुतेक जणी मजुरीला जाणाऱ्या. पावसाळ्यात निंदण, मग सोयाबीनची सोंगणी, आता कापसाची वेचणी.

शिक्षक प्रशिक्षणात शरीररचनेचा विषय होता. हाडं २०६, मणके ३३, श्वसनसंस्थेची आकृती काढून भाग दाखवा, अशा पद्धतीचा. समोर मांडी घालून बसलेल्या बाईच्या गुडघ्याशी त्या आकृतीचा संबंध काय, हे त्यात कुठेच नव्हतं. म्हणून हे प्रश्न.

शेतात तासन्‌तास उकिडवं बसणाऱ्या बाईला पद्मासन का जमत नाही? तिचे सांधे तर मोकळे असायला हवेत.

पश्चिमोत्तानासनात हात पोचत नसेल तर शिक्षकाने पाठीवरून हलका दाब द्यावा, असं शिकवलेलं आहे. द्यावा का?

"कंबर धरली" म्हणणाऱ्या बायकांना पुढे वाकलं की बरं वाटतं, म्हणून त्या तेच मागतात. देत राहावं का?

डॉक्टर व्हायचं नाही. पण आपल्या हातून कोणाचं नुकसान होऊ नये इतपत तरी यायला हवं. ते इतपत म्हणजे किती, आणि सुरुवात कुठून करायची?

फिजिओ_वर्धा

ताई, प्रश्न नेमके आहेत, म्हणून उत्तर लांब देतो.

हाडांची नावं पाठ असणं ही सगळ्यात कमी कामाची गोष्ट. शिक्षकाला एकच ओळखता आलं पाहिजे: हालचाल अडली तर ती कुठे अडली आणि कशाने अडली. अडण्याचे मुख्य प्रकार तीन. पहिली ओढ. स्नायू ताणला गेला की त्याच्या मधल्या मांसल भागात पसरट ताण जाणवतो, श्वास सोडला की थोडा सैल पडतो. यावर काम करता येतं. दुसरी टेक. हाडाला हाड टेकतं तिथे हालचाल एकदम थांबते, ताण जाणवतच नाही. जाणवलंच तर वाकण्याच्या बाजूला, सांध्याच्या पुढच्या खोबणीत, काहीतरी चिमटल्यासारखं. ही वर्षभर सराव करूनही बदलत नाही, आणि बदलायला जाऊही नये. तिसरी झिणझिण. बधिरपणा, करंट गेल्यासारखं, एका रेषेत खाली उतरणारी कळ. ही नस असते. तिथून लगेच मागे यायचं.

आता पद्मासन. उकिडवं बसताना खुब्याचा सांधा पुढे दुमडतो, मांडी पोटाकडे येते. पद्मासनात मांडीचं हाड त्याच खुब्यात स्वतःभोवती बाहेर फिरावं लागतं. सांधा एकच असला तरी या दोन हालचालींचा एकमेकींशी फारसा संबंध नाही. शेतातल्या बाईचं दुमडणं शहरातल्या कोणापेक्षाही चांगलं असतं, पण फिरणं किती, हे बरंचसं खुब्याच्या खोबणीचं तोंड कुठल्या दिशेला आहे आणि मांडीच्या हाडाची मान किती वळलेली आहे यावर ठरतं. ते हाडाचं माप आहे. सरावाने हाड वळत नाही.

तपासायचं असं. बाकावर किंवा खाटेच्या काठावर बसवा, पाय लोंबते, गुडघा काटकोनात. मांडी हाताने धरून ठेवा म्हणजे ती उचलली जाणार नाही. आता पाऊल आतल्या बाजूला, दुसऱ्या पायाकडे झुलवायला सांगा. नडगी उभ्या रेषेपासून ४० ते ४५ अंश आत गेली तर खुबा बाहेर चांगला फिरतो. ३० च्या आत थांबली तर त्या पायाचं पद्मासन सोडून द्या. दोन्ही पाय वेगवेगळे तपासा, फरक असणं नेहमीचं आहे.

सोडायचं का, तर खुबा फिरला नाही की उरलेली फिरकी गुडघ्याला द्यावी लागते. गुडघा मुळात बिजागरी. दुमडलेला असताना थोडासा फिरतो, तेवढंच. पाऊल ओढून दुसऱ्या मांडीवर ठेवलं की आतल्या बाजूची गादी हाडांमध्ये चिमटते आणि बाहेरच्या बाजूचा अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, ताणतो. म्हणून "गुडघ्याच्या आतून दुखतं" म्हणणाऱ्या बाईला "सवय होईल" असं कधीही म्हणू नका. हवेत राहिलेला गुडघा वरून दाबणं तर पूर्ण बंद. तो गुडघा हवेत आहे कारण खुबा फिरलेला नाही, आणि दाब बसतो गुडघ्यावर.

ज्यांचा खुबा फिरतो त्यांनाही क्रम सांगा. आधी गुडघा पूर्ण बंद करायचा, टाच त्याच बाजूच्या जांघेकडे. मग मांडी खुब्यातून बाहेर फिरवायची. पंजा ताठ ठेवायचा, घोटा मुरडू द्यायचा नाही. सगळ्यात शेवटी पाऊल आडवं न्यायचं. बाकीच्यांना स्वस्तिकासन किंवा साधी मांडी, बुडाखाली सतरंजीची घडी. प्राणायामाला तेवढं पुरतं.

दाबाबद्दल: देऊ नका. मांडीच्या मागचे तीन स्नायू बैठकीच्या हाडापासून निघतात आणि गुडघ्याच्या खाली जाऊन चिकटतात. पाय सरळ ठेवून वाकताना कमरेचा कटोरा, म्हणजे ओटीपोटाभोवतीचा हाडांचा घेर, पुढे कलायला हवा. हे स्नायू आखूड असले की ते बैठकीच्या हाडाला मागून धरून ठेवतात आणि कटोरा कलतच नाही. मग वाकणं येतं कमरेच्या मणक्यांतून, मणक्यांमधल्या चकत्यांचा गर मागे ढकलला जातो. त्यात शिक्षकाने खांद्याच्या पाठीमागून दाबलं तर तो हात तरफेच्या लांब टोकाला असतो, आणि आखूड टोक म्हणजे चौथा-पाचवा कमरेचा मणका आणि त्याखालचं त्रिकास्थी. चकती सरकण्याची बहुतेक प्रकरणं नेमकी याच दोन जागांची असतात.

त्याऐवजी बैठकीच्या हाडांखाली सतरंजीची चार बोटं उंच घडी. गुडघ्याखाली गुंडाळलेली चादर, गुडघे थोडे दुमडलेले. तिचाच हात तिच्या कमरेमागे ठेवायला सांगा. कटोरा कलतो आहे तोवर पुढे जायचं, तो थांबला की आसन पूर्ण झालं. हात अंगठ्याला लागला की नाही, याला काही महत्त्व नाही.

मांडीच्या मागे दुखतं म्हणाली तर बोट ठेवून जागा दाखवायला लावा. मांडीच्या मध्यावर पसरट ओढ असेल तर ठीक. बैठकीच्या हाडावरच एका बिंदूत दुखत असेल तर स्नायूची कंडरा हाडापाशी दुखावली आहे, तिथे ताणणं हाच अपाय. आणि पंजा स्वतःकडे ओढला की वाढतं, सैल सोडला की कमी होतं, असं असेल तर नस ताणते आहे.

अजून एक, खास पहाटेच्या वर्गासाठी. रात्री आडवं झोपल्यावर चकत्या पाणी शोषून फुगतात. सकाळी माणूस संध्याकाळपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच असतो तो त्यामुळेच. फुगलेली चकती वाकवली तर तिच्यावरचा आणि अस्थिबंधांवरचा ताण दिवसापेक्षा बराच जास्त येतो, आणि उठल्यानंतरचा पहिला तास सगळ्यात वाईट. साडेपाचच्या वर्गात पहिली पंचवीस मिनिटं खोल पुढे वाकणं नको. सूर्यनमस्कारही पहिल्या मिनिटाला नको.

आसनवही_अमरावती

वर्धेच्या सरांनी सांध्याचं सांगितलं. मी कामाचं सांगतो, कारण गावात शरीर कामाने घडते आणि वर्ग त्यावर बसवावा लागते.

वेचणीत बाई कमरेतून वाकते, गुडघे जवळजवळ सरळ, मान वर, हात पुढे, आणि कमरेला बांधलेली ओटी भरत जाते. ते वजन मणक्याच्या पुढे लोंबते. असं तासन्‌तास. इतका वेळ वाकलेलं राहिलं की मणक्यामागचे अस्थिबंध हळूहळू लांबतात, पाठीचे स्नायू त्यांच्यावर भार टाकून स्वतः सुस्तावतात. सरळ उभं झाल्यावर ते लगेच मूळ लांबीवर येत नाहीत, त्याला वेळ लागते. आणि त्याच वेळी गाठोडं डोक्यावर घ्यायचं असते. कंबर धरते ती बहुतेक इथे.

म्हणून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: पुढे वाकून बरं वाटते ते दोन मिनिटांचं. दिवसभर ताणलेली जागा अजून ताणून बरी होत नाही. तिला हवं असते मागे वाकणं, कुल्ल्यांची ताकद आणि जांघेचा पुढचा भाग मोकळा होणं. वेचणीच्या हंगामात पश्चिमोत्तानासन, हलासन, दोन्ही पायांचं पवनमुक्तासन हे तीन मी तरी बाजूलाच ठेवीन.

तासाची मांडणी अशी करून पाहा. पहिली दहा मिनिटं जागच्या जागी चालणं, खांदे फिरवणं, मार्जारासन अगदी लहान हालचालीत आठ वेळा. मग उभ्याची आसनं पंधरा मिनिटं: ताडासन आणि वीरभद्रासन. वीरभद्रासनात मागच्या पायाच्या जांघेत ओढ आली पाहिजे. ती येत नसेल तर कंबर मागून वाकून राहिली आहे, पाऊल लहान करा आणि माकडहाड खाली सोडायला सांगा.

त्यानंतर पोटावर. सगळ्यात मोठं काम इथलं आहे, घाई करू नका. भुजंगासनात आधी हात जमिनीवरून दोन बोटं उचललेले ठेवून फक्त पाठीच्या जोरावर छाती उचलायची. जेवढी उठली तेवढीच तिची उंची. मग तळवे टेकवायचे, पण हाताने ढकलून वर जायचं नाही. ओटीपोटाखालचं हाड जमिनीला टेकलेलं, नजर हातभर पुढे जमिनीवर. पाच श्वास, चार वेळा. हाताने ढकललं की काय होते, तर छातीचे मणके कडक असतात म्हणून ते वळत नाहीत आणि सगळं वाकणं कमरेच्या शेवटच्या दोन मणक्यांत गोळा होते. तिथे चिमटा बसते. शलभासन एकेका पायाने, पाय वीतभरच वर, प्रत्येक बाजूला सहा वेळा. पाय फार वर नेला तर कंबर फिरते आणि कुल्ल्याचं काम पाठ करते.

मग पाठीवर. सेतुबंधासन, टाचा कुल्ल्यांपासून वीतभर, वर जाताना टाचेने जमीन दाबायची, दहा वेळा. मांडीच्या मागे गोळा आला तर टाचा थोड्या जवळ घ्या. उत्तानपादासन एकाच पायाचं करा. काऊन, तर दोन्ही पाय मिळून शरीराच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा होते, आणि ते उचलणारा मुख्य स्नायू कमरेच्या मणक्यांच्या पुढून निघून मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूला बसते. पोटाची पकड कमी असली की तो पाय उचलण्याआधी कंबरच पुढे ओढते. कमरेखाली हात सरकण्याइतकी पोकळी दिसली की समजा भार चुकीच्या जागी गेला. एक पाय दुमडून पाऊल टेकलेलं, दुसरा उचलायचा. कोणी कितीही म्हटलं तरी दोन्ही पाय नकोच.

पिळाचं थोडक्यात. छातीचे बारा मणके मिळून साधारण ३५ अंश फिरतात. कमरेचे पाचही मिळून जेमतेम ५ ते १०, कारण त्यांच्या मागच्या सांध्यांच्या फळ्या उभ्या एकमेकींना अडून असतात. तरी वक्रासनात "कमरेतून वळा" म्हणतात. म्हणायचं असं: आधी उंच व्हा, मग छातीची मधली पट्टी फिरवा, मान शेवटी. जमिनीवरचा हात तरफेसारखा वापरायचा नाही.

शवासनात गुडघ्याखाली चादरीची गुंडाळी द्या. जांघेचे स्नायू आखडलेल्या बाईला सपाट झोपवलं तर कमरेला दहा मिनिटं कमान पडते आणि ती उठते तीच कंबर धरून.

शेतासाठी दोन सूचना, वर्गाइतक्याच कामाच्या. ओटी रिकामी करायला उभं राहिलं की दोन्ही हात कमरेवर ठेवून पाच वेळा मागे झुकायचं. गाठोडं उचलायच्या आधी दोन-तीन मिनिटं सरळ चालून घ्यायचं. फवारणीच्या पंपालाही हेच लागू. सोळा लिटरचा पंप म्हणजे सोळा किलो पाणी आणि वरून पंपाचं वजन. पट्टे ढिले असले की तो मागे ओढते आणि माणूस पुढे वाकते.

जुनासाधक_भंडारा

चर्चा चांगली आहे, पण एक शंका मांडतो. ज्या गुरूंकडून आसनं आली त्यांनी मणके मोजले नव्हते. ते साधकाकडे पाहून, त्याचा श्वास पाहून शिकवत. आता अंश आणि कोन आले. शिक्षक मोजमापात अडकला तर आसनातली स्थिरता आणि सुख हे दोन्ही मागे पडतील, अशी भीती वाटते. रोवणीचं काम करणाऱ्या बायका चिखलात दिवसभर वाकतात, त्यांना कोण कोन सांगतं?

फिजिओ_वर्धा

काका, शंका रास्त आहे. पण जुन्या गुरूंजवळ एक-दोन शिष्य वर्षानुवर्षं राहत. त्याचा खुबा किती फिरतो, कुठल्या दिवशी काय द्यायचं, हे पाहून पाहून त्यांना कळलेलं असे. आज पंचवीस बायका तासाभरासाठी येतात आणि निम्म्या वेचणीच्या भरात येतच नाहीत. इतका वेळ पाहायला मिळत नाही, म्हणून तपासण्या लागतात.

शिवाय हे बाहेरून आलेलं नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था काढली तीच मुळी प्रयोगशाळेसह. क्ष-किरणाने पाहिलं, उड्डियान आणि नौलीत पोटातला दाब मोजला. शंभर वर्षं होऊन गेली त्याला.

स्थिर आणि सुखाचं आसन हवं, हे तर मान्यच. गुडघ्यात चिमटा बसत असताना ते स्थिरही नसतं आणि सुखाचंही नसतं. रोवणीवाल्या बाईला कोन सांगू नका. तिच्या बुडाखाली घडी द्या, कोन आपोआप बदलतो.

उपकेंद्र_गडचिरोली

आरोग्य उपकेंद्राच्या बाजूने काही गोष्टी जोडते. आपल्या भागात कडक सांधा म्हणजे नेहमी सरावाची कमी असं नसतं. कधी तो आजार असतो, आणि योगशिक्षक तो सगळ्यात आधी पाहू शकतो, कारण हालचाल रोज त्याच्यासमोर होते.

पहिला सिकलसेल. विदर्भात, विशेषतः पूर्व भागात, हा घराघरात माहीत असलेला आजार आहे. ऑक्सिजन कमी पडला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या थोड्या आणि बारीक, त्यामुळे तिथलं हाड मरायला लागतं. वीस-पंचविशीतल्या मुलीला जांघेत दुखतं, मांडी आत फिरवताना जास्त, आणि ती किंचित लंगडते, असं दिसलं तर खुबा मोकळा करण्याची आसनं देऊ नका. आधी तपासणी. सुरुवातीला साध्या एक्स-रेत काही दिसतही नाही, म्हणून दुखणं चालू राहिलं तर पुन्हा पाठवा. एसएस, म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेल्या बाईसाठी वर्गात नियम: आधी पाणी, थंडीत अंगावर स्वेटर किंवा शाल, धाप लागेपर्यंत सूर्यनमस्कार नाहीत, श्वास रोखून धरणं अजिबात नाही. एएस म्हणजे वाहक बाईला बहुतेक वेळा काही त्रास नसतो, पण कडक उन्हात, पाणी न पिता, अतिश्रम तिलाही नकोत. १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या सगळ्यांची तपासणी आहे. कार्ड मिळालेलं असेल तर ते पाहून नोंद ठेवा, पण सगळ्यांसमोर विचारू नका. लग्नाच्या वयाच्या मुलींसाठी ते फार नाजूक असतं.

दुसरं फ्लोराइड. यवतमाळ, चंद्रपूर जिल्ह्यांत काही गावांच्या बोअरच्या पाण्यात ते जास्त आहे. लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत. वर्षानुवर्षं त्याहून जास्त पोटात गेलं की मणक्यांचे अस्थिबंध चुन्यासारखे कडक होतात. हाड दिसायला घट्ट, पण ठिसूळ. अशा पाठीला पीळ देणं किंवा मान जोराने वळवणं धोक्याचं. तीन साध्या हालचाली करून पाहा: गुडघे न वाकवता जमिनीवरची वस्तू उचलणं, हनुवटी छातीला लावणं, हात बाजूला पसरून कोपरातून दुमडून डोक्यामागे नेणं. एकाच वस्तीतल्या, एकाच बोअरचं पाणी पिणाऱ्या चार-पाच जणींना तिन्ही जमत नसतील तर आसन बदलून भागणार नाही. ग्रामपंचायतीकडून पाणी तपासून घ्या.

तिसरं, अंग बाहेर येणं, म्हणजे गर्भाशय खाली सरकणं. बाळंतपणं, ओझी, जुना खोकला यांनी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात. जलद कपालभातीत पोटाचा प्रत्येक झटका याच तळावर आदळतो. खोकताना लघवी सुटते, खाली जड वाटतं, असं सांगणाऱ्या बाईला कपालभाती आणि दोन्ही पाय उचलण्याची आसनं बंद. त्याऐवजी सावकाश श्वास सोडताना लघवी अडवल्यासारखा तळ वर ओढायचा, पाच मोजेपर्यंत धरायचा आणि तेवढाच वेळ पूर्ण सोडायचा. दहा वेळा, झोपून, कुल्ल्यांखाली उशी. हे लघवी करताना करायचं नाही. बायका हे कधी आपणहून सांगत नाहीत, बाजूला घेऊन विचारावं लागतं. हर्निया, गरोदरपण आणि ताब्यात नसलेला रक्तदाब यांतही कपालभाती नको.

पन्नाशीपुढच्या, पाळी थांबलेल्या बायका. यांची हाडं आतून विरळ झालेली असू शकतात. मेयो क्लिनिकने १९८४ मध्ये अशाच बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांत ८९ टक्के जणींचे मणके नव्याने पिचले, मागे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांत १६ टक्के. गट लहान होते, पण फरक डोळे उघडणारा आहे. उंची कमी झालेली किंवा पाठीला पोक आलेली म्हातारी पुढे वाकवायची नाही.

त्याच दिवशी दवाखान्यात पाठवायची लक्षणं: कमरेच्या दुखण्यासोबत लघवी अडणं किंवा नकळत होणं, दोन्ही मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं, पाऊल उचलता न येणं, पडल्यानंतर मणक्यावर एका जागी तीव्र दुखणं. यात वाट पाहायची नाही.

गावयोग_यवतमाळ

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन गोष्टी राहिल्या. एक, मागे वाकणं प्रत्येक कंबरदुखीला चालतं का? आणि दुसरं, वज्रासनात बसलं की दोघींच्या पायाला मुंग्या येतात, निंदणाच्या दिवसांतही येत होत्या. शिवाय काही मुलींना २१ जूनच्या कार्यक्रमात शीर्षासन, सर्वांगासन दाखवायचं आहे.

फिजिओ_वर्धा

प्रत्येकीला चालत नाही, बरं झालं विचारलंत. पोटावर झोपून छाती थोडी उचलली आणि पायातली कळ वर सरकत कमरेत गोळा झाली, तर कंबर थोडी जास्त दुखली तरी दिशा बरोबर. कळ खाली पोटरीकडे उतरू लागली तर थांबा. साठीच्या बाईला चालताना पाय जड पडतात आणि पुढे वाकून बसलं की मोकळं वाटतं, अशी तक्रार असेल तर मणक्यातली वाट अरुंद झालेली असू शकते. मागे वाकलं की ती अजून अरुंद होते. तिला भुजंगासन नको, खुर्चीवर बसून पुढे झुकणं चालेल.

मुंग्यांचं कारण: गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडं खाली, बोटाला एक गोल गाठ लागते. ते बारीक नडगीचं डोकं. त्याच्या मागून पाऊल वर उचलणारी नस जाते, कातडीच्या अगदी खाली. वज्रासनात आणि बराच वेळ उकिडवं बसण्यात ती दोन्हीकडे दबते. मुंग्या हा इशारा आहे, तो सोसून बसलं तर पंजा लोंबायला लागल्याची प्रकरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. वज्रासन दोन मिनिटांच्या वर नको, पोटऱ्या आणि मांड्यांमध्ये चादरीची घडी. निंदताना दर पंधरा-वीस मिनिटांनी उभं राहायचं, नाहीतर एक गुडघा टेकून बसायचं आणि पाय आलटून-पालटून.

शीर्षासन कार्यक्रमासाठी शिकवू नका. सराईत साधकांवर मोजलं तेव्हा डोक्यावर शरीराच्या वजनाच्या ४० ते ४८ टक्के भार आला. पन्नास किलोच्या मुलीचे वीस-चोवीस किलो, तेही मानेच्या ज्या मणक्यांना एरवी डोक्याचे पाचेक किलो पेलायची सवय आहे त्यांच्यावर. डोळ्यातला दाबही या स्थितीत दुपटीच्या आसपास जातो, म्हणून काचबिंदूत डोकं खाली करणारं कुठलंच आसन नाही. सर्वांगासन करायचंच तर खांद्यांखाली चादरींची चार बोटं थर, डोकं खाली जमिनीवर, म्हणजे मान काटकोनात दबत नाही. वर गेल्यावर मान वळवायची नाही. खरं तर भिंतीला पाय लावून विपरीत करणी द्या.

आसनवही_अमरावती

सुरुवात कुठून, हे राहिलं. पुस्तक नंतर, आधी बोटं. स्वतःच्या अंगावर या जागा शोधा: मान वाकवली की सगळ्यात उठून येणारा मणका, तो मानेचा सातवा. खवाट्याचं खालचं टोक, त्याच्या रेषेत छातीचा सातवा मणका. कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडाचा वरचा काठ, त्याच्या रेषेत कमरेचा चौथा. पुढे जांघेच्या वर कटोऱ्याची दोन टोकं. मांडीच्या बाहेरचा उंचवटा. बैठकीची हाडं, हातावर बसून. गुडघ्याची वाटी आणि सरांनी सांगितलेली ती गाठ. आठवडाभर रोज पाच मिनिटं, मग दुसऱ्या बाईवर, तिला विचारून, कपड्यावरून.

दुसऱ्या आठवड्यापासून रोज एक आसन घ्या आणि वहीत तीन ओळी लिहा: कोणता सांधा कोणत्या दिशेने फिरते, कोणता स्नायू लांबते, कोणता काम करते. वीस आसनं झाली की परीक्षेची ती जुनी आकृती पुन्हा उघडा.

आणि वर्गाच्या रजिस्टरला हजेरीच्या बाजूला एक रकाना वाढवा: गुडघा, कंबर, बीपी, बाळंतपणं, कार्ड, आज कुठलं काम. शेवटचं रोज विचारा. काल दिवसभर वेचलं आणि काल घरीच होती, या दोघींची पाठ आज सारखी नसते.